विहिरीच्या पाण्याला लोखंडाची चव : यंत्र घेण्याआधी धातू कुठून येतो ते पाहा

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही उभयता मुंबईतील नोकऱ्या संपवून गेल्या दिवाळीपासून सावंतवाडी तालुक्यातील आमच्या गावच्या घरी राहायला आलो आहोत. सासूबाईही आमच्याजवळ असतात. मधली बारा वर्षे घर जवळजवळ बंदच होते. गणपतीला आणि मे महिन्यात तेवढे येणे होई. आवारात जांभ्या दगडाने बांधलेली तीस फूट खोल विहीर आहे आणि तिच्यावर फणस व आंबा यांची दाट सावली आहे. मोटरीने पाणी मागच्या चौथऱ्यावरील टाकीत चढते आणि तिथून जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) नळांतून घरात येते. पाणी दिसायला नितळ आहे. परंतु तोंडात घेतले की किल्ली चाटावी तशी चव लागते, आणि सकाळी ती अधिक जाणवते. चहा काळपट होतो, पांढऱ्या कपड्यांवर पिवळे ठिपके पडतात, हंड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यावर तेलासारखा तवंग येतो. ग्रामपंचायतीच्या माणसाने टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकले त्या दिवशी पाणी तांबूस झाले, म्हणून आम्ही ते पुन्हा टाकू दिले नाही. शेजारी तुरटी फिरवायला सांगतात. एका विक्रेत्याने पाण्यात दोन सळया घालून वीज सोडली, तेव्हा आमचे पाणी काळेतपकिरी झाले आणि त्याच्या आरओ यंत्राचे पाणी मात्र जसेच्या तसे राहिले. सासूबाई म्हणतात की पूर्वी याच विहिरीचे पाणी गोड होते. यजमानांना मधुमेह आहे आणि ही चव सर्वांत जास्त त्यांनाच लागते. आम्ही ते यंत्र घ्यावे का?
— एक वाचक भगिनी, ता. सावंतवाडी

उत्तर : आपण पत्रात बारीकसारीक गोष्टी लिहिल्यात हे फार बरे केलेत, कारण निम्मे निदान त्यांतच आहे. यंत्र आत्ता घेऊ नये. पाण्याला धातूची चव येते तेव्हा तो धातू पाण्यात नेमका कुठे शिरतो हे ठरल्याखेरीज उपाय ठरवता येत नाही. तो जमिनीतून येत असेल तर इलाज विहिरीत आणि गाळणीत आहे. तो नळातून येत असेल तर जगातील कोणतीही गाळणी टाकीवर बसवून उपयोग नाही, कारण पाणी बिघडते ते टाकीच्या पुढे. आपल्या घरी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असाव्यात, असे पत्रावरून दिसते.

प्रथम त्या सळयांच्या प्रयोगाविषयी. त्या उपकरणातील सळयांपैकी निदान एक जोडी लोखंडाची असते. पाण्यातून वीज वाहू लागली की ते लोखंडच विरघळून त्याचा काळा-तपकिरी साका तयार होतो. आपण जी घाण पाहिली ती बहुतांशी सळईची होती. आरओच्या पाण्यात क्षार अगदी कमी उरतात, त्यामुळे त्यातून वीज नीट वाहत नाही आणि ते स्वच्छ दिसते. विक्रेता पुन्हा आला तर त्याच्याच यंत्राच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून प्रयोग पुन्हा करायला सांगावे. तेही पाणी तसेच काळवंडेल. या प्रयोगावरून पाण्यात क्षार आहेत एवढेच कळते. लोह किती, जंतू आहेत की नाहीत, पाणी पिण्यायोग्य आहे की नाही, यांपैकी काहीही कळत नाही.

आता विहिरीकडे वळू. टीसीएल टाकताच नितळ पाणी तांबूस झाले, ही आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची नोंद आहे. पाण्यात लोह दोन रूपांत असते. एक रूप विरघळलेले असते, ते डोळ्यांना दिसत नाही, फक्त जिभेला कळते. त्याला प्राणवायू किंवा क्लोरीन मिळाले की ते दुसऱ्या रूपात, म्हणजे न विरघळणाऱ्या गंजात बदलते आणि पाणी पिवळे-तांबडे दिसू लागते. टीसीएलने पाणी बिघडवले नाही. पाण्यात आधीच असलेले लोह त्याने उघड केले. कपड्यांवरील पिवळे ठिपके हेच सांगतात, आणि काळपट चहाही. चहातील टॅनिन आणि लोह एकत्र आले की शाईसारखा रंग धरतो. हिरडा आणि लोखंड यांपासून आपल्याकडे काळा रंग करत आले आहेत, त्यामागेही हीच क्रिया आहे.

कोकणात अशा पाण्याचे खापर लगेच तांबड्या मातीवर फोडले जाते. जांभ्यात लोह भरपूर असते हे खरे. परंतु जे लोह तांबडे दिसते ते गंजलेले असते आणि गंज पाण्यात सहजी विरघळत नाही. तसे नसते तर जांभ्यात खोदलेली प्रत्येक विहीर अशीच लागली असती. ते लोह विरघळायला पाण्यातील प्राणवायू संपावा लागतो, आणि तो संपवण्याचे काम आपल्या विहिरीत फणसाची आणि आंब्याची पाने करत आहेत. बारा वर्षांचा पालापाचोळा तळाशी कुजतो आहे. कुजताना तो पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकतो. अशा प्राणवायूविना पाण्यात तळाच्या गाळातील आणि दगडातील लोह पुन्हा विरघळते. मोटरीचा फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या नळाच्या खालच्या टोकाची झडप) बहुधा तळाच्या जवळ असणार, म्हणजे विहिरीतील सर्वांत वाईट थर नेमका आपल्या टाकीत चढतो आहे.

सासूबाईंचे म्हणणे म्हणूनच खरे मानावे. त्या काळी पाणी पोहऱ्याने वरच्या थरातून काढले जाई, दिवसभर पोहरे पडून ते सतत ढवळले जाई, त्यात हवा मिसळे, आणि उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की गाळ उपसला जाई. शिवाय ओढून आणलेले पाणी फडक्यातून गाळून हंड्यात ओतले जाई, म्हणजे आणखी एकदा हवा लागे आणि बसलेला साका फडक्यावर राही. विहीर तीच आहे. तिचा वापर मात्र बदलला.

हंड्यावरील तवंग पाहून घाबरू नका, पण त्याची परीक्षा करा. काडीने तो तवंग मधोमध मोडावा. काचेचे तुकडे व्हावेत तसा तो तुटून वेगळाच राहिला, तर तो लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचा आणि गंजाचा थर आहे. हे जिवाणू रोगकारक नाहीत, मात्र ते नळात आणि टाकीत तपकिरी बुळबुळीत थर धरतात आणि पाण्याला मातकट वास आणतात. काडी काढताच तवंग पुन्हा एकत्र आला, तर ते तेल आहे. मग मोटरीतून तेल गळते का ते आधी पाहावे, कारण तो प्रश्नच निराळा.

सकाळी चव अधिक लागते, याचा अर्थ रात्रभर नळात थांबलेले पाणी आणखी धातू उचलते. जांभ्याच्या प्रदेशातील विहिरींचे पाणी मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते. त्याचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा; ७ च्या खाली गेला की पाणी आम्लधर्मी) बऱ्याचदा ७ च्या खाली भरतो. असे पाणी जीआय नळावरील जस्ताचा मुलामा आधी खाते, मग आतील लोखंड. पितळी तोट्या असतील तर त्यांतून तांबे, जस्त आणि थोडे शिसेही येऊ शकते. यासाठी घरच्या घरी एक तुलना करता येते. कोरा, कडक चहा करून गार होऊ द्यावा. काचेचे चार सारखे पेले घ्यावेत : एकात विहिरीच्या वरच्या थरातून पोहऱ्याने काढलेले पाणी, दुसऱ्यात सकाळी नळ उघडताच आलेले पहिले पाणी, तिसऱ्यात तोच नळ पाच मिनिटे वाहू दिल्यानंतरचे पाणी आणि चौथ्यात बाजारातील बाटलीचे पाणी. प्रत्येकात सारखाच चहा ओतून पंधरा मिनिटांनी पांढऱ्या कागदासमोर धरून पाहावे. पहिला पेला बाटलीच्या पेल्यासारखाच निघाला आणि दुसरा शाईसारखा झाला, तर दोष नळांचा. पहिला आणि तिसरा दोन्ही काळवंडले, तर लोह विहिरीतच आहे. वरचे पाणी बरे आणि नळाचे पाच मिनिटांनंतरही वाईट, असे झाले तर तळाच्या थराचा संशय पक्का होतो. तेव्हा पोहरा तळाशी सोडून पाचवा पेलाही भरावा.

हा प्रयोग फक्त लोहापुरता आहे, हे मात्र ध्यानात असू द्या. तांबे, जस्त आणि शिसे चहाला कळत नाहीत. तोटीखाली बेसिनमध्ये हिरवट-निळसर डाग पडत असेल तर तांबे समजावे. पाणी उकळल्यावर स्निग्ध, दुधाळ साय दिसत असेल तर जस्त. शिशाला ना रंग ना चव; त्याची परीक्षा प्रयोगशाळेतच होते.

म्हणून तपासणी करून घ्याच. जल जीवन मिशनमध्ये ग्रामपंचायतींना पाणी तपासणीची पेटी दिली जाते आणि गावातील पाच महिलांना ती वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची योजना आहे. पहिला अंदाज त्या पेटीवरून मिळेल. पुढची तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्यातील प्रयोगशाळेत करावी. लोहासाठीची बाटली वेगळी मागावी, कारण तिच्यात आधी आम्ल घातलेले असते. साध्या बाटलीतून नेलेले पाणी वाटेतच हवेने गंजते, लोह बाटलीच्या कडांना चिकटते आणि अहवालात ते खऱ्यापेक्षा कमी दिसते. जंतूंच्या तपासणीची बाटली निर्जंतुक केलेली असते, ती विसळू नये. विहिरीच्या पाण्यासाठी लोह, मँगनीज, पीएच, अल्कता (पाण्याची आम्ल पेलण्याची क्षमता), टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) आणि कोलिफॉर्म (मैल्याचा संसर्ग दाखवणारे जंतू) एवढे पुरे. सकाळच्या पहिल्या नळाच्या पाण्यासाठी शिसे, तांबे आणि जस्त यांची मागणी वेगळी करावी.

अहवाल वाचताना एक खाचखळगा आहे. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० : २०१२ या मानकात लोहाची मर्यादा आधी लिटरला ०.३ मिलिग्रॅम होती. २०१५ च्या दुरुस्तीने ती १.० मिलिग्रॅम झाली. परंतु चव आणि कपड्यांवरील डाग ०.३ च्या पुढेच जाणवू लागतात. त्यामुळे ०.८ चा अहवाल 'मर्यादेत' असे म्हणेल आणि आपला चहा काळाच राहील. अहवालही खोटा नसेल आणि आपली जीभही. मँगनीजची मर्यादा ०.१ (दुसरा स्रोत नसेल तर ०.३), शिशाची ०.०१, आणि पीएच ६.५ ते ८.५ यांमध्ये हवा.

उपायांची सुरुवात विहिरीपासून करावी. घरातील गाळणीवरचे ओझे त्यानेच उतरते. पाणी सर्वांत खाली जाते त्या एप्रिल-मे महिन्यांत गाळ आणि पाला पूर्ण काढून घ्यावा, तोंडावर जाळी बसवावी, विहिरीवर आलेल्या फांद्या छाटाव्यात आणि फूटव्हॉल्व्ह तळापासून निदान तीन फूट वर घ्यावा. फूटव्हॉल्व्ह उचलण्याचे काम आजही करता येईल आणि कधी कधी तेवढ्यानेच निम्मा फरक पडतो. विहिरीत उतरण्याचे काम मात्र घरच्या माणसांनी करू नये. पाला कुजलेल्या, वर्षानुवर्षे न उपसलेल्या विहिरीत तळाशी प्राणवायू नसतो आणि माणूस उतरताच कोसळतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही तसाच जातो. दोरीला कंदील बांधून सोडण्याची पद्धत अपुरी आहे. कंदील विझला तर धोका निश्चित. पण तो विझला नाही म्हणून विहीर सुरक्षित ठरत नाही, कारण काही विषारी वायूंत तो जळतच राहतो. डिझेल इंजिन विहिरीत उतरवून पाणी उपसणे तर जिवावर बेतते. हे काम नेहमी करणारी माणसे बोलवावीत, आधी बराच वेळ पंख्याने किंवा ब्लोअरने हवा खाली सोडावी, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर असावा आणि वर दोन माणसे उभी असावीत.

गाळ काढल्यावर विहिरीच्या भिंती घासून, जिवाणूंचा थर मोडण्यासाठी टीसीएलची जास्त मात्रा एकदा द्यावी लागते. ३३ टक्क्यांची ताजी पावडर असेल तर हजार लिटरला सुमारे १५० ग्रॅम टाकून, तेच पाणी टाकीत आणि नळांत भरून रात्रभर ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी क्लोरीनचा वास जाईपर्यंत सारे उपसून टाकावे. ते पाणी झाडांना घालू नये, ओहोळातही सोडू नये. मोकळ्या जमिनीवर जिरू द्यावे.

नळांच्या बाबतीत काटकसरीचा मार्ग असा की, सगळे घर उकरण्याऐवजी टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंतची एकच स्वतंत्र वाहिनी प्लॅस्टिकची टाकून घ्यावी आणि तिला चांगल्या प्रतीची तोटी बसवावी. ते होईपर्यंत सकाळचे पहिले पाणी बादलीत काढून झाडांना घालावे. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी त्यानंतरचेच घ्यावे.

एवढे करूनही विहिरीच्या पाण्यात लोह उरले, तर घरगुती प्रक्रिया. तीन माणसांना पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी दिवसाला पंधरा-वीस लिटर पाणी पुरते. तेवढ्याचीच काळजी घ्यावी. आंघोळीच्या पाण्यावर पैसे घालू नयेत. तत्त्व सोपे आहे : पाण्याला हवा द्यायची, लोहाचा गंज होऊ द्यायचा, तो बसू द्यायचा आणि वाळूतून गाळायचा. अडचण आम्लतेची आहे. पीएच एका अंकाने उतरला की लोह गंजण्याचा वेग सुमारे शंभर पटींनी मंदावतो. पीएच ७ ला जे काम तासाभरात होते, त्याला ६ ला काही दिवस लागतात. कोकणातील कित्येक घरगुती गाळण्या याच कारणाने फसतात. वाळू चांगली असते, मडकीही चांगली असतात, पण लोह विरघळलेलेच राहून वाळूतून आरपार निघून जाते आणि गाळलेले पाणी पेल्यात उभे राहिल्यावर मग पिवळे पडते.

आपल्या पाण्याची गत काय आहे हे दोन बाटल्यांत कळेल. विहिरीच्या पाण्याने दोन पारदर्शक बाटल्या अर्ध्या भराव्यात. एकीत पाव चमचा खाण्याचा सोडा घालावा, दुसरी तशीच ठेवावी. दोन्ही मिनिटभर जोरात हलवून, झाकण सैल करून रात्रभर ठेवाव्यात. सकाळी दोन्हींच्या तळाशी तांबूस साका बसून वरचे पाणी बेचव झाले असेल, तर नुसती हवा पुरेशी आहे. साका फक्त सोड्याच्या बाटलीत असेल, तर आम्लता घालवावी लागेल. सोडा हा परीक्षेपुरताच. रोजच्या पाण्यात तो घालू नये, त्यातील सोडियम विशेषतः रक्तदाबाच्या रुग्णांना चालणार नाही.

आम्लता घालवायला चुनखडीचा खडा उत्तम. फरशीच्या कामात वापरतात ती पांढऱ्या संगमरवराची बारीक खडी घ्यावी आणि त्यावर लिंबू पिळून पाहावे. बुडबुडे आले तर ती चुनखडीची जात. काही झाले नाही तर ती गारगोटी आहे, तिचा उपयोग नाही. तिसऱ्यांच्या किंवा कालवांच्या शिंपल्याही चालतात, फक्त त्या उकळून, मांस पूर्ण काढून, उन्हात खडखडीत वाळवून कुटून घ्याव्यात. पानाचा चुना मात्र अंदाजाने टाकू नये. तो तीव्र असतो आणि थोडा जास्त झाला तरी पाणी पार दुसऱ्या टोकाला जाते.

मांडणी अशी करावी. खाद्यपदार्थांसाठीच्या प्लॅस्टिकची बादली घेऊन तिच्या बुडाला दाभणाने बारीक छिद्रे पाडावीत आणि तिच्यात वीतभर जाडीचा त्या खडीचा थर द्यावा. ती फूट-दीड फूट उंचीवर अशी ठेवावी की पाणी थेंबाथेंबांनी खालच्या झाकणाच्या पिंपात पडेल. हे पडणे महत्त्वाचे आहे, कारण थेंबांना हवा लागते आणि पाण्यात मुरलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि त्यानेही आम्लता उतरते. संध्याकाळी वीस लिटर पाणी ओतावे, रात्रभर स्थिर ठेवावे आणि सकाळी तळ न ढवळता वरचे पाणी वाळूच्या गाळणीत घालावे. या गाळणीच्या तळाशी चार बोटे बारीक गोटे, त्यावर हातभर नदीची चाळलेली वाळू, आणि सर्वांत वर छिद्रांची ताटली असावी, म्हणजे ओतलेल्या पाण्याने वाळूत खड्डा पडत नाही. वाळू धुताना पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावी. समुद्राची वाळू आणि जांभ्याची भुकटी वापरू नये.

पहिले दोन आठवडे निराशा होण्याचा संभव आहे. वाळूच्या कणांवर तपकिरी लेप बसल्यावरच गाळणी खरी कामाला लागते, कारण तो लेप पुढचे लोह स्वतःकडे ओढून घेतो. लेप पाहून वाळू घाण झाली असे समजून ती खसाखसा धुऊन टाकणारे लोक दर वेळी पहिल्या दिवसावर परत येतात. पाणी हळू उतरू लागले की फक्त वरचे दोन-तीन बोटांचे थर पाण्यात ढवळून गढूळ पाणी ओतून द्यावे. खडीवर मात्र गंज बसला तर ती महिन्यातून एकदा चोळून धुवावी, अन्यथा तिचा चुना पाण्यापर्यंत पोचत नाही. ती झिजून कमी होत जाते, तेव्हा भर घालत राहावे. चहाची परीक्षा गाळलेल्या पाण्यावर अधूनमधून करावी. कपड्यांवर काळे ठिपके पडत असतील आणि अहवालात मँगनीज जास्त निघाले, तर ही व्यवस्था पुरणार नाही, कारण त्याला याहून पुष्कळ जास्त पीएच लागतो.

तुरटीचे म्हणाल तर ती गढूळपणा बसवते. विरघळलेल्या लोहाला ती हात लावत नाही. उलट मृदू पाण्यात ती आम्लता वाढवते आणि नळ अधिक खाल्ले जातात, म्हणून आपल्या घरी ती नकोच. शेवग्याच्या बियांचेही गढूळपणापलीकडे काम नाही. उकळल्याने जंतू मरतात आणि थोडे लोह साका होऊन बसते, पण मग ते गाळावे लागते. तांब्याच्या हंड्यात असे आम्लधर्मी पाणी रात्रभर ठेवले तर त्यात तांबे उतरते आणि धातूच्या चवीत भर पडते. आपला हंडा तांब्याचा असेल तर तूर्त स्टीलचा किंवा मातीचा वापरा.

यंत्रांविषयी थोडक्यात. यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणाऱ्या) यंत्राच्या नळीवर लोहाचा थर बसतो आणि किरण पाण्यापर्यंत पोचत नाहीत. दिवा लागलेला दिसतो आणि जंतू मात्र जिवंत राहतात. आरओ लोह काढते, परंतु त्याचा पडदा लोहानेच लवकर चोंदतो, निम्म्याहून अधिक पाणी वाया जाते, आणि मुळात क्षार कमी असलेल्या पाण्यातील उरलेसुरले क्षारही जातात. सावंतवाडीकडील साध्या विहिरीच्या पाण्याला त्याची गरज सहसा नसते. खाडीकाठचे खारे पाणी असेल तर गोष्ट वेगळी. संपूर्ण घरासाठी लोह काढणारे फिल्टर मिळतात आणि ते चांगले चालतात, पण त्यांतील माध्यमाला ठरावीक पीएच आणि उलट दिशेने पाणी सोडून धुण्यासाठी पुरेसा दाब लागतो. विक्रेत्याने आपला अहवाल मागितला नाही आणि पीएच विचारला नाही, तर त्याच्याकडून काहीही घेऊ नका.

टीसीएल बंद केलेत ते पुन्हा सुरू करावे, ही माझी आग्रहाची सूचना आहे. मात्र हे काम साधे आहे असे समजू नका; हिशेब पाहा. नेहमीच्या मात्रेने, म्हणजे हजार लिटरला ५ ग्रॅम, लिटरमागे सुमारे १.६ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो. एक मिलिग्रॅम लोह त्यातील सुमारे ०.६ मिलिग्रॅम खाऊन टाकते. पाण्यात २ मिलिग्रॅम लोह असेल तर जंतूंसाठी जेमतेम पाव-अर्धा मिलिग्रॅम उरतो, आणि कुजणारा पाला तोही संपवतो. म्हणून मात्रा घातल्यावर अर्ध्या तासाने ओटी चाचणी (क्लोरीन उरला आहे का ते पाहण्याची) करून पिवळा रंग येतो का ते ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून पाहून घ्यावे, आणि पिण्याचे पाणी गाळणीनंतर उकळावे किंवा क्लोरीनचे द्रावण बाटलीवरील सूचनेप्रमाणे घालावे. वाळूची गाळणी लोह काढते. जंतूंसाठी तिच्यावर विसंबू नये.

यजमानांच्या बाबतीत, मधुमेहासाठी दिल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिनने तोंडाला धातूची चव येते हे सर्वज्ञात आहे. त्यांना न सांगता एकदा बाटलीचे आणि एकदा विहिरीचे पाणी पेल्यातून द्यावे. दोन्हींना तीच चव लागली तर डॉक्टरांशी बोलावे, गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. लोहाची स्वतःची भीती बाळगण्याचे कारण नाही; जागतिक आरोग्य संघटनेने लोहासाठी आरोग्याच्या कारणाने कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही. शरीरात लोह साठण्याचा आजार किंवा थॅलेसेमिया असलेले कोणी घरात असेल, तर त्यांनी डॉक्टरांना विचारावे. नळातील शिशाचा अहवाल येईपर्यंत पोहऱ्याचे पाणी उकळून पिणे उत्तम.

राहिले कपडे. पिवळे डाग काढायला ब्लीच वापरू नये; त्याने गंज कापडात अधिक पक्का होतो. डागावर लिंबाचा रस आणि मीठ लावून तासभर उन्हात ठेवावे, मग साध्या पाण्यात, शक्य तर पावसाच्या पाण्यात, खळबळून काढावे. जुना डाग असेल तर हे दोन-तीनदा करावे लागते. रंगीत कपड्यावर आधी आतल्या शिवणीवर करून पाहावे.